दुसरी हार्ड डिस्क मरायला टेकली की अख्खा पीसी बंद पडतो, ते घरच्या घरी कसं ओळखायचं

पीसी चालता चालता मध्येच अडकतोय, माउस हलतोय पण क्लिक घेत नाही, मिनिट-दोन मिनिटं तसंच राहतंय आणि मग एकतर काहीच झालं नाही असं परत चालू होतंय नाहीतर निळा स्क्रीन येऊन रिस्टार्ट. हे तुमच्याकडं होत असेल आणि तुमच्या पीसीत विंडोजसाठी एक एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क) आणि डाटा ठेवायला एक जुनी हार्ड डिस्क अशी जोडी असेल, तर रॅम बदलायच्या आधी, विंडोज परत टाकायच्या आधी आणि टॉवर उचलून दुकानात न्यायच्या आधी हे एकदा पूर्ण वाचा.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत लग्नाच्या अल्बमचं डिझाईन करतो. २०२३ च्या पावसाळ्यात माझा पीसी दिवसातनं चार-पाच वेळा असा अडकायला लागला. पहिल्यांदा वाटलं लाईटचा प्रॉब्लेम असंल, कारण पाऊस लागला की आमच्या गल्लीत लाईट येते-जाते, म्हणून यूपीएसची बॅटरी बदलली. मग रॅम काढून पुसून लावली. मग विंडोज नवीन टाकलं, ते दोन दिवस झकास चाललं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. एका दुकानात दाखवला तर त्यांनी दहा मिनिटं बघून सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्यावा लागेल. त्या रात्री मी जुन्या एका लग्नाचे फोटो डी ड्राइव्हवरनं, म्हणजे त्या दुसऱ्या हार्ड डिस्कवरनं, काढत होतो, बाहेर पाऊस थांबलेला, पंखा बंद, खोलीत शांतता, आणि टॉवरमधनं आवाज आला. टक. मग एक बारीक कुईं. मग परत टक. तेवढ्यात स्क्रीन अडकला आणि कॅबिनेटवरचा तो छोटा लाल दिवा, जो एरवी लुकलुकतो, तो न विझता तसाच पेटून राहिला. मी शटडाऊन केलं, दुसऱ्या हार्ड डिस्कची केबल काढली आणि पीसी परत चालू केला. आठवडाभर एकदाही अडकला नाही. मदरबोर्ड तोच, रॅम तीच, आजपण तोच बोर्ड चालू आहे.

त्यानंतर ओळखीच्यांचे असे बरेच पीसी बघितले, त्यामुळं खाली जे लिहितोय ते त्या क्रमानं लिहितोय ज्या क्रमानं मी स्वतः करतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या क्रमानं केलं तर डिस्क सापडते पण डाटा जातो.

विंडोज तर एसएसडीवर आहे, मग डी ड्राइव्हमुळं पीसी कसा पडेल?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि म्हणूनच लोक चुकीच्या जागी शोधत बसतात. हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरत असतात, त्यावर छोटे छोटे भाग असतात त्यांना सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर खराब झाला की डिस्क लगेच 'वाचता येत नाही' असं सांगत नाही, ती परत परत वाचायचा प्रयत्न करते, घरगुती डिस्क तर कधी कधी मिनिटभरसुद्धा झटत बसते. तेवढा वेळ विंडोज उत्तराची वाट बघतं, डिस्कसाठीची त्याची साधारण मुदतच ६० सेकंदांची असते. आणि या वाट बघण्यात फक्त डी ड्राइव्ह अडकत नाही, फाईल एक्सप्लोररची खिडकी अडकते, टास्कबार अडकतो, सर्चचं इंडेक्सिंग अडकतं, अँटीव्हायरस अडकतो, ज्यानं ज्यानं त्या डिस्ककडं काही मागितलंय तो प्रत्येक जण रांगेत उभा राहतो. तुम्ही डी ड्राइव्ह उघडला नसला तरी मागनं कुणीतरी त्याला हात लावतच असतं.

निळा स्क्रीन येतो त्याचं बऱ्याच वेळा कारण पेज फाईल. रॅम कमी पडली की विंडोज काही माल डिस्कवर काढून ठेवतं, त्या फाईलला पेज फाईल म्हणतात. एसएसडी छोटी आहे म्हणून कुणीतरी कधीतरी ती पेज फाईल डी ड्राइव्हवर हलवलेली असते, आणि तो ठेवलेला माल परत वाचता आला नाही की विंडोजला पुढं जाताच येत नाही. त्या वेळी निळ्या स्क्रीनवर 'कर्नल डेटा इनपेज एरर' असं येतं. हे शब्द दिसले तर डिस्क आणि तिच्या केबलवर पहिला संशय घ्या, रॅमवर दुसरा.

अजून एक खूण, पीसी चालू करताना कंपनीच्या लोगोवरच बराच वेळ थांबतो. कारण बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा प्रोग्राम, प्रत्येक डिस्कला 'आहेस का' म्हणून विचारतो आणि आजारी डिस्क उत्तर द्यायला वेळ लावते.

आधी ऐका आणि बघा

यात काही इन्स्टॉल करायचं नाही. रात्री पंखा बंद करा, टॉवरजवळ कान न्या. फिरण्याचा एकसारखा घूंऽऽ आवाज आणि फाईल वाचताना येणारी बारीक खरखर हे चांगलं आहे, त्याला घाबरू नका. ठराविक अंतरानं येणारा टक-टक, किंवा फिरणं थांबून परत सुरू झाल्यासारखा आवाज, किंवा घासल्यासारखा आवाज आला तर ती डिस्क आतनं मोडायला लागलीय. घासल्याचा आवाज असेल तर इथंच थांबा, पीसी बंद करा, खालचं काहीच करू नका, कारण आतलं वाचणारं हेड चकतीवर घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला तुमचे फोटो खरवडून निघतायत. तिथं डाटा रिकव्हरीवाल्याशिवाय दुसरा रस्ता नाही.

आवाज नाही म्हणून डिस्क चांगली असंही नाही बरं का. आणि तुमची दुसरी डिस्क एसएसडी असेल तर ती आवाज करतच नाही, ती गपचूप जाते.

डिस्कची स्वतःची नोंदवही वाचा

प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. ही नोंद वाचायला काही सेकंद लागतात आणि डिस्कवर ताण जवळजवळ पडतच नाही, म्हणून हे सगळ्यात आधी. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते टाका, उघडा. वर तुमच्या सगळ्या डिस्क दिसतील, त्यातली दुसरी डिस्क निवडा. निळा म्हणजे चांगली, पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे खराब.

पण फक्त रंगावर जाऊ नका, खालचा तक्ता वाचा. त्यात लई ओळी असतात, आपल्याला चारच बघायच्यात.

०५ ची ओळ म्हणजे किती खराब सेक्टर डिस्कनं बाजूला काढून त्याच्या जागी राखीव सेक्टर लावले. सी५ म्हणजे किती सेक्टर आत्ता वाचता येत नाहीयेत आणि निकाल लागायचा बाकी आहे. सी६ म्हणजे जे तपासणीत पण वाचता आलेच नाहीत. आणि सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेत डाटा किती वेळा बिघडला, आणि ती वाट म्हणजे केबल.

आता इथं नवीन माणूस एक चूक हमखास करतो. उजवीकडच्या रॉ व्हॅल्यू नावाच्या रकान्यात आकडा सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, असतो. सी५ समोर शून्यांच्या रांगेनंतर १८ दिसलं तर ते अठरा नाही, चोवीस आहे. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज आहे तिथं १० डीईसी निवडा, मग सरळ आपले नेहमीचे आकडे दिसतील. दुसरी चूक, ०१ आणि ०७ च्या ओळीत प्रचंड मोठा आकडा बघून लोक घाबरतात, सीगेटच्या डिस्कमध्ये तो तसाच असतो, तो एरर मोजण्याचा साधा आकडा नाहीच, सोडून द्या.

मग किती असलं की वाईट? माझं मत स्पष्ट आहे. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर गेला की त्या डिस्कवर भरवसा संपला, आधी डाटा हलवायचा. ०५ मध्ये दोन-चार असतील आणि वर्षभर तेवढेच राहिले तर डिस्क चालू शकते, पण आज ८, पुढच्या सोमवारी १६, त्याच्या पुढच्या सोमवारी ४०, असा आकडा चढत असेल तर ती उतरणीला लागलेली गाडी आहे. म्हणून आकडा एकदा बघून सोडायचा नाही, तारखेसकट लिहून ठेवायचा. माझ्या त्या डिस्कचा सी५ पहिल्या दिवशी २४ होता, डाटा काढून होईपर्यंत २०० च्या पुढं गेला. चालू असल्याचे तास दाखवत होते २८ हजारच्या आसपास, म्हणजे रोज दहा तास धरले तरी साडेसात वर्षांची मेहनत तिनं केलेली.

आणि हो, स्मार्ट 'गुड' दाखवतंय म्हणून डिस्क निर्दोष असं समजू नका. बऱ्याच डिस्क काहीच न सांगता जातात. निळा रंग आला तरी पुढच्या पायऱ्या करा.

डाटा आधी, तपासणी नंतर

हे मी हात जोडून सांगतो. संशय आला की पहिलं काम डाटा दुसरीकडं काढणं. चेकडिस्क चालवू नका. यूट्यूबवर बघून लगेच चेकडिस्क लावणारे लई बघितलेत. चेकडिस्क हे फाईलींची मांडणी दुरुस्त करायचं हत्यार आहे, ते डाटा वाचवायचं हत्यार नाही, आणि खराब सेक्टर शोधणारा त्याचा प्रकार अख्खी डिस्क पहिल्यापासनं शेवटपर्यंत वाचून काढतो, म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जोतिबाचा डोंगर चढायला लावणं. वर त्याला एखादा फोल्डर बिघडलेला वाटला तर त्या फायली नाव घालवून भलत्याच फोल्डरमध्ये तुकडे करून ठेवतो. डीफ्रॅग पण नाही, आणि 'रिपेअर' म्हणून जे कुठलं बटण दिसंल ते पण नाही.

कॉपी करताना अख्खा डी ड्राइव्ह सिलेक्ट करून ओढून टाकू नका, एका खराब फाईलवर अडकलं की सगळंच अडकतं. आधी बारीक आणि परत न मिळणाऱ्या गोष्टी, घरचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, टॅलीचा बॅकअप, पोरांची सर्टिफिकेटं. मग कामाचे प्रोजेक्ट. पिक्चर आणि गेम शेवटी, ते परत मिळतात.

एक्सप्लोररपेक्षा रोबोकॉपी चांगलं, ते विंडोजमध्ये आधीच असतं, कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवायचं. पण त्यात एक मेख आहे, एखादी फाईल वाचता आली नाही तर रोबोकॉपी ती दहा लाख वेळा परत प्रयत्न करतं आणि प्रत्येक वेळेच्या मध्ये ३० सेकंद थांबतं, हे त्याचं मूळचं सेटिंग आहे. म्हणजे एका फाईलवर तुमची उभी हयात जायची. म्हणून आर आणि डब्ल्यू हे दोन पर्याय १ करून चालवायचं, आर म्हणजे किती वेळा प्रयत्न आणि डब्ल्यू म्हणजे मध्ये किती सेकंद थांबायचं. त्याला ई पर्याय जोडला की आतले फोल्डर पण येतात. कमांडची भीती वाटत असेल तर टेराकॉपी वापरा, ते पण अडलेली फाईल सोडून पुढं जातं आणि शेवटी कुठल्या फायली राहिल्या ते दाखवतं.

चांगल्या डिस्कला १ टीबी काढायला सेकंदाला १०० एमबी धरली तरी पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्क यापेक्षा कितीतरी जास्त घेईल. दर तासाला हात लावून बघा, चटका बसण्याएवढी तापत असेल तर बंद करून गार होऊ द्या. कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला तरी फरक पडतो.

फायली अजिबातच उघडत नसतील पण डिस्क दिसतेय, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरनं चालू करून डीडीरेस्क्यू वापरतात. ते आधी जिथं सहज वाचता येतंय तेवढं सगळं काढून घेतं आणि खराब भागांकडं नंतर परत येतं, आणि कुठपर्यंत झालं ते एका मॅप फाईलमध्ये लिहितं, त्यामुळं मध्ये लाईट गेली तरी पहिल्यापासनं सुरू करावं लागत नाही. यात फक्त एका गोष्टीची भीती बाळगा, कुठली डिस्क वाचायची आणि कुठलीवर लिहायचं यांची अदलाबदल झाली तर सगळा डाटा पुसला जातो. डिस्कचा सिरीयल नंबर कागदावर लिहून घ्या, स्क्रीनवर जुळवा, मगच एंटर. पहिल्यांदाच करत असाल तर माहितीतल्या कुणाला तरी शेजारी बसवा.

डिस्क डीप फ्रीजमध्ये ठेवा असा सल्ला कुणी देईल, तो मानू नका, आत दव धरतं. डिस्क घरी उघडायची तर अजिबातच नाही. आणि कोल्हापूरकरांसाठी एक वेगळी सूचना, २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं त्यातल्या कितीतरी जणांनी भिजलेला टॉवर उन्हात वाळवून चालू करून बघितला. भिजलेली डिस्क चालू करायची नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही, तशीच पिशवीत घालून रिकव्हरीवाल्याकडं द्यायची.

विंडोजनं काय लिहून ठेवलंय ते बघा

डाटा निघाला, आता निवांत तपासायला हरकत नाही. स्टार्टच्या चिन्हावर राईट क्लिक करा, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, त्यात सिस्टम. उजवीकडं फिल्टर करंट लॉग आहे, त्यात इव्हेंट आयडीच्या जागी ७, ११, ५१, १२९, १५३ असं स्वल्पविराम देऊन टाका.

७ आला म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक सापडला, यात शंकेला जागाच कमी. ५१ म्हणजे पेजिंग करताना, म्हणजे डिस्क आणि रॅममध्ये माल हलवताना, चूक झाली, पेज फाईल त्या डिस्कवर नसली तरी हा येऊ शकतो. १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं परत करावं लागलं. ११ म्हणजे डिस्कच्या कंट्रोलरकडनं चूक आली. १२९ म्हणजे डिस्कनं उत्तरच दिलं नाही म्हणून विंडोजनं तिला रिसेट केलं, तुमचा स्क्रीन अडकला तीच वेळ बहुतेक याच्यासमोर लिहिलेली असते, जुळवून बघा. १२९ आणि ११ केबलमुळं, पोर्टमुळं किंवा ड्रायव्हरमुळंही येतात म्हणून त्यावरनं एकदम डिस्कला फाशी देऊ नका.

फिल्टर काढला की याच यादीत कर्नल पॉवर ४१ पण दिसतो आणि तो बघून लोक एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, बदलतात. ४१ एवढंच सांगतो की पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला. का पडला ते सांगत नाही. त्याच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत काय लिहिलंय ते वाचा, उत्तर तिथं असतं.

नोंदीत हार्डडिस्क १ असं लिहिलं असेल तर ती पहिली नाही, दुसरी, कारण मोजणी शून्यापासनं आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की डावीकडं डिस्क ०, डिस्क १ असं दिसतं आणि समोर डी, ई ही अक्षरं, तिथं जुळवून घ्या. पेनड्राइव्ह लावलेला असेल तर त्याची पण नोंद यात येते, तेवढं ध्यानात ठेवा.

आता खरी परीक्षा, डिस्क काढून पीसी वापरा

माझ्या मते अख्ख्या लेखातली ही सगळ्यात मोलाची पायरी, आणि हिला एक रुपया लागत नाही. दुसरी डिस्क काढा आणि दोन-तीन दिवस पीसी नेहमीसारखा वापरा. जर आधी रोज अडकत होता आणि आता अडकत नाही, तर चोर सापडला.

पण ओढून काढायच्या आधी तीन गोष्टी बघा, नाहीतर पीसी चालूच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल की मी सांगितलेलं करून वाट लागली.

एक, पेज फाईल. ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज, त्यात परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, त्यात ॲडव्हान्स्ड, त्यात व्हर्च्युअल मेमरी. डी ड्राइव्हसमोर काही आकडा असेल तर तिथं 'नो पेजिंग फाईल' करा आणि सी ड्राइव्हला 'सिस्टम मॅनेज्ड' करा, रिस्टार्ट मारा. खरं सांगायचं तर काही वेळा एवढ्यानंच निळे स्क्रीन थांबतात, पण त्याचा अर्थ डिस्क बरी झाली असा नाही.

दोन, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, डेस्कटॉप हे फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलेत का. फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. असतील तर परत सी वर आणा.

तीन, आणि हे बहुतेक लोकांना माहीतच नसतं. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क लावलेल्या असतील तर कधी कधी विंडोज एसएसडीवर जातं पण ते सुरू करणारा छोटा भाग जुन्या हार्ड डिस्कवर राहतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' किंवा जुन्या पीसीत 'सिस्टम रिझर्व्ह्ड' कुठल्या डिस्कवर आहे ते बघा. जुन्या डिस्कवर असेल तर ती काढली की विंडोज सुरू होणार नाही, आणि हेच पुढं कधीतरी ती डिस्क मेल्यावर अचानक होणार आहे. अशा वेळी डाटा काढून झाल्यावर फक्त एसएसडी लावून विंडोज परत टाकणं हा नवीन माणसासाठी सगळ्यात सोपा मार्ग.

काढायची पद्धत: शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा, म्हणजे पूर्ण बंद होतं, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळं अर्धवट झोपतं. भिंतीवरचं बटण बंद, वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. डिस्कला दोन केबल असतात, अरुंद ७ पिनांची डाटाची आणि रुंद १५ पिनांची पॉवरची. दोन्ही काढा. फक्त डाटाची काढून पॉवरची ठेवली तर डिस्क फिरत राहते, आणि तिच्या बोर्डात शॉर्ट असेल तर ती एसएमपीएसला खाली खेचत राहणार, मग पीसी अडकत नाही तर खटकन बंद पडतो.

केबलची गोष्ट

डिस्क दोषी ठरवायच्या आधी केबल बदलून बघायलाच पाहिजे. शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या एका मामांचं लेथचं वर्कशॉप आहे, कॉम्प्युटर मशीनपासनं दहा फुटांवर, आत लोखंडाची काळी भुकटी. दर अर्ध्या तासाला ड्रॉइंग उघडताना अडकायचं. बघितलं तर सी५ शून्य, सी६ शून्य, ०५ शून्य, आणि सी७ सहाशेच्या वर. केबलचा कोपरा झाकणानं दाबून घडी पडलेला, आणि टोकाची पकडपट्टी मोडलेली, बोट लावलं की हलत होती. लक्ष्मीपुरीतनं नवीन केबल आणली, मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टला लावली, थांबलं. मामा म्हणाले, "केबलवर भागलं व्हय रं? मी तर नवीन कॉम्प्युटर सांगून ठेवला हुता."

सी७ चा आकडा कधी कमी होत नाही, केबल बदलली तरी सहाशे तसाच राहणार. बघायचं हे की तो पुढं वाढतोय का. लिहून ठेवा, आठवडा वापरा, परत बघा. पोर्ट बदलल्यावर डिस्क दिसतच नसेल तर घाबरू नका, काही मदरबोर्डवर एम डॉट टू (थेट बोर्डवर बसणारी) एसएसडी लावली की एक-दोन साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची डाटा केबल लागते त्या जागा, बंद होतात, तिसरा पोर्ट बघा. पॉवरची वायर जर मोलेक्सवरनं (जुन्या चार पिनांच्या पॉवर प्लगवरनं) साटा करणाऱ्या स्वस्त जोडणीची असेल तर ती काढूनच टाका, एकसंध ओतीव प्लॅस्टिकचे तसले जोड आतनं वितळून जळतात.

डिस्क काढून पण अडकतच असेल तर

मग अडकण्याचं कारण दुसरी डिस्क नाही, तिचे सी५ आणि सी६ शून्य असतील तर परत लावा. पुढं रॅम, मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, एक जरी एरर आली तरी रॅम किंवा तिचा स्लॉट खराब. एसएसडीचं स्मार्ट पण बघा. प्रोसेसरचं तापमान बघा, धूळ काढा. एसएमपीएस दुसऱ्याचा दोन दिवस मागून लावून बघा. हा वेगळा विषय आहे, इथं जास्त लांबवत नाही.

डिस्कच दोषी निघाली, आता?

शेवटची खात्री हवी असेल तर कंपनीचं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा, सीगेटसाठी सीटूल्स, वेस्टर्न डिजिटलसाठी त्यांच्या साईटवरचं. छोटी टेस्ट दोन-तीन मिनिटांची, मोठी टेस्ट काही तासांची. मोठ्या टेस्टमध्ये फेल आलं की चर्चा संपली. वॉरंटी बाकी असेल तर कंपनीच्या साईटवर सिरीयल नंबर टाकून बघा, पण ध्यानात ठेवा की वॉरंटी डिस्कची असते, डाटाची नाही, आणि दिलेली डिस्क तुम्हाला परत मिळत नाही.

काही जण म्हणतील पूर्ण फॉरमॅट मार, सेक्टर बरे होतात. त्यात अर्धं खरं आहे. पूर्ण फॉरमॅटमध्ये, म्हणजे क्विकची टिक काढून केलेल्या, प्रत्येक सेक्टरवर नव्यानं लिहिलं जातं, तेव्हा सी५ मधले लटकलेले सेक्टर एकतर बरे होऊन परत कामाला लागतात नाहीतर ०५ मध्ये जातात. लाईट अचानक गेल्यामुळं अर्धवट लिहिलेले सेक्टर असतील तर खरंच सी५ शून्य होतो आणि तसाच राहतो. तसं झालं तर महिनाभर रोज आकडे बघत ती डिस्क पिक्चर ठेवायला वापरा. पण टक-टक आवाज असेल किंवा ०५ चढत असेल तर मी ती परत टॉवरमध्ये लावू देत नाही, कुणी कितीही म्हणालं तरी. एखाद्या पोरीच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत, ती हळद परत लागत नाही.

भंगारात देताना डिस्क अशीच देऊ नका, त्यात आधार, पासबुक, सगळंच असतं. चालत असेल तर पूर्ण फॉरमॅट, चालत नसेल तर स्क्रू काढून चकत्यांना आडवे-उभे चांगले ओरखडे मारा. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये चकती बऱ्याचदा काचेची असते, ती फुटते, म्हणून डोळ्याला चष्मा आणि हाताला फडकं बांधून करा.

नवीन डिस्क लावली की पहिल्याच दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट काढा, ०५, सी५, सी६ शून्य आहेत ना आणि तास नवीन डिस्कला शोभतील एवढेच आहेत ना ते बघा, कारण वापरलेली डिस्क नवीन म्हणून दिलेली मी दोनदा पकडलीय. मग पांढऱ्या टेपवर लावल्याची तारीख लिहून ती डिस्कच्या कडेला चिकटवा, कंपनीच्या लेबलवर नको आणि भोकावर तर नकोच, तिथं हवा जायची जागा असते. आमच्याकडं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चहा व्हायच्या आत हे आकडे वहीत उतरवून होतात.